ऐन दुपारी सोलर इन्व्हर्टर वारंवार ट्रिप होतो: ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’चा माग कसा काढायचा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: “पॅनेल नवीन, ऊन कडक, आभाळ स्वच्छ, आणि साडेअकराच्या सुमारास इन्व्हर्टर बंद. पाच मिनिटांनी आपोआप चालू होतो, थोडा चालतो, पुन्हा बंद. तीन वाजले की गुपचूप चालायला लागतो.” ढगाळ दिवशी काही त्रास नाही. सुट्टीच्या दिवशी, आजूबाजूची दुकानं-कारखाने बंद असले की त्रास जास्त. स्क्रीनवर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ (लाईनचं व्होल्टेज जास्त) किंवा ‘एसी व्होल्टेज हाय’ असं काहीतरी, नाहीतर नुसता एक कोड.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: इन्व्हर्टर बिघडलेला नाही. मी पाहिलेल्या अशा तक्रारींत तो खरोखर सदोष निघाल्याचं फार क्वचित झालंय. त्याच्या टोकाला जे व्होल्टेज दिसलं ते मर्यादेच्या वर गेलं म्हणून तो बाजूला झाला. त्याला तसंच शिकवून ठेवलेलं आहे. तरी पहिला फोन विक्रेत्याला जातो, तो बिचारा इन्व्हर्टर बदलून देतो, आणि पुढच्या उन्हाच्या दिवशी नवा इन्व्हर्टरही त्याच वेळी बंद पडतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

व्होल्टेज चढतं कशामुळे

घरातली वीज लाईनवर ढकलायची तर ढकलणाऱ्या टोकाला व्होल्टेज लाईनपेक्षा थोडं चढं असावंच लागतं. किती चढं, ते मधल्या वायरच्या रेझिस्टन्सवर ठरतं. एरवी डीपीकडून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडून) घराकडे येताना व्होल्टेज थोडं थोडं पडत येतं आणि ओळीतल्या शेवटच्या घराला सगळ्यात कमी मिळतं. दुपारी छतांवरून वीज बाहेर जायला लागली की हा हिशोब उलटतो, आणि त्याच शेवटच्या घराचं व्होल्टेज सगळ्यात जास्त होतं.

आकडे घालून बघू. ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर छतावर, मेन बोर्ड खाली, मध्ये ३५ मीटर केबल, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची. फेज आणि न्यूट्रल मिळून ७० मीटर वायर. या जाडीच्या तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ४.६ ओहम, म्हणजे आपल्या ७० मीटरचा ०.३२ ओहम. भर दुपारी २० अँपिअर वाहतात. २० गुणिले ०.३२, झाले ६.४ व्होल्ट. केबल उन्हात तापलेली असेल तर ७ च्या वर. ही वाढ फक्त तुमच्या स्वतःच्या केबलमधली, लाईनचा अजून संबंधच आलेला नाही. तीच केबल १० चौरस मिलिमीटरची असती तर वाढ अडीच-पावणेतीन व्होल्टवर थांबली असती.

केबल निवडणाऱ्याने ‘२० अँपिअर सहज पेलते’ एवढंच पाहिलेलं असतं. पेलते खरी, फारशी तापतही नाही. पण सोलरसाठी केबल घेताना करंटच्या बरोबरीने व्होल्टेजची वाढ मोजावी लागते, आणि घरगुती वायरिंग करणाऱ्याला ती सवय नसते. त्याने आयुष्यभर वीज एकाच दिशेने जाताना पाहिलेली असते.

त्यात डीपीचं व्होल्टेज मुळातच चढं ठेवलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरला टॅप, म्हणजे बाहेर किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणारे जोड, असतात, बहुधा अडीच-अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांचे. संध्याकाळी सगळ्या घरांचा लोड एकदम आला तरी शेवटच्या घराला पुरेसं व्होल्टेज मिळावं म्हणून टॅप वरच्या पायरीवर लावून ठेवतात. सोलर नव्हता तोवर यात वावगं काही नव्हतं. रिकाम्या दुपारी घरांना २४२-२४५ व्होल्ट मिळायचे आणि कोणाला कळायचंही नाही. आता त्याच २४५ वर प्रत्येक छत आपले थोडे थोडे व्होल्ट चढवतं. ओळीत दोन छतं असताना चालून गेलं, वीस झाल्यावर चालत नाही. “दोन वर्षं व्यवस्थित चालला, आताच काय झालं?” या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा शेजारच्या नव्या पॅनेलांत सापडतं.

आणि ट्रिप कोण होतो? ओळीच्या टोकाला असलेला, किंवा ज्याची केबल बारीक आहे तो. तो बंद पडला की लाईन जरा उतरते आणि बाकीच्यांचं आरामात चालतं. बारा महिने हा एकच माणूस सगळ्या ओळीच्या वाटचा त्रास सोसत असतो, आणि त्याला वाटतं आपलंच मशीन वाईट निघालं.

मर्यादा दहा मिनिटांची असते, हे विसरू नका

२३० व्होल्टच्या व्यवस्थेत युरोपात साधारणपणे १० मिनिटांची सरासरी २५३ च्या वर, म्हणजे ११० टक्क्यांवर, गेली की इन्व्हर्टर लाईनवरून सुटतो (ट्रिप होतो). ऑस्ट्रेलियाच्या प्रमाणात हीच १० मिनिटांची मर्यादा २५८ आहे. याशिवाय वरच्या पातळीवर तत्काळ सुटण्याच्या वेगळ्या मर्यादा असतात, पण रोज दुपारचं दुखणं बहुतेक वेळा या सरासरीचंच असतं.

सरासरीमुळे माणूस फसतो तो असा: तुम्ही जिना चढून मीटर लावेपर्यंत इन्व्हर्टर बंद झालेला असतो, आणि तो बंद झाला म्हणूनच व्होल्टेज उतरलेलं असतं. मीटर २४६ दाखवतं. मग “व्होल्टेज तर ठीक आहे, इन्व्हर्टरच खोटं बोलतोय” असा निष्कर्ष निघतो आणि विक्रेत्याला दुसरा फोन जातो. उलटही होतं. कधी स्क्रीनवर २५५ दिसतात आणि इन्व्हर्टर मजेत चालू असतो, कारण मागच्या दहा मिनिटांत मध्ये एक ढग येऊन गेलेला असतो.

तीन रीडिंग

एक मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर आणि एक निरभ्र दुपार पुरते. मोजायचं चालू लाईनवर आहे, तेव्हा हात परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच घालू द्या. तुम्ही वही घेऊन शेजारी उभे राहा.

पहिलं रीडिंग भर दुपारी, इन्व्हर्टर बंद ठेवून, मेन बोर्डावर. हे लाईनचं व्होल्टेज, त्यात तुमचा वाटा शून्य. दुसरं मेन बोर्डावरच, पण इन्व्हर्टर पूर्ण जोरात चालू असताना. तिसरं त्याच वेळी इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर. दर वेळी करंट किती होता तेही लिहा, कारण मध्ये सावली आली असेल तर तुलना फुकट. घरातला मोठा लोडही तिन्ही वेळा सारखाच हवा. कोणी मध्येच गीझर लावला तर पहिल्यापासून सुरुवात.

एका तीनमजली घरातली माझ्या वहीतली नोंद अशी आहे: २४६, २४९, २५६.५. इन्व्हर्टर त्याआधी दोनदा बदलून झाला होता. मेन बोर्डापासून छतापर्यंत साडेसात व्होल्ट चढत होते, आणि केबलच्या हिशोबाने पावणेसातच्या आसपास यायला हवे होते. फरक पाऊण व्होल्टचा. एवढ्यासाठी कोण बसतं, असं वाटून मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. मग सप्लाय बंद करून इन्व्हर्टरजवळच्या आयसोलेटरचं (वीज तोडायच्या स्विचचं) झाकण काढलं. न्यूट्रलच्या टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. स्क्रू जवळजवळ पूर्ण एक फेरा फिरला. पाऊण व्होल्ट आणि २० अँपिअर म्हणजे नखाएवढ्या जागेत १५ वॅट उष्णता, दररोज दुपारी. व्होल्टेजच्या तक्रारीतून आगीचं कारण सापडलं, असं म्हणायला हरकत नाही. आयसोलेटर बदलला, केबल १० चौरस मिलिमीटरची ओढली, आणि त्याच उन्हात इन्व्हर्टरवर २५२ दिसायला लागले. काठावरच, पण सुटणं थांबलं.

तिसऱ्या आणि दुसऱ्या रीडिंगमधला फरक मोठा असेल तर दोष तुमच्या घरात: केबल, आयसोलेटर, जोड. दुसऱ्या आणि पहिल्यातला फरक मोठा असेल तर डीपीपासून मीटरपर्यंतच्या तारेत: लांब सर्व्हिस वायर, खांबावरचा जुना जोड, अॅल्युमिनिअम आणि तांब्याची नुसती पिळून केलेली गाठ. तिथे हात घालणं वीज कंपनीचं काम. आणि पहिलंच रीडिंग २५० च्या आसपास असेल तर तुम्ही घरात काहीही बदललंत तरी फरक थोडाच पडणार, कारण सगळी ओळच चढलेली आहे.

एक अपवाद मात्र लगेच ओळखा. एका फेजचं व्होल्टेज चढतं आणि त्याच वेळी दुसऱ्याचं उतरतं, दिवे लोडप्रमाणे कमी-जास्त होतात, रात्रीसुद्धा. हा न्यूट्रल सुटत आल्याचा प्रकार. सोलरशी त्याचा संबंध नाही आणि दुपारची वाट बघत बसायचं नाही. त्याच क्षणी वीज कंपनीला कळवा. न्यूट्रल पूर्ण तुटला तर २३० च्या उपकरणांवर जवळजवळ ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात.

घरच्या घरी करता येण्यासारखं

केबल जाड करणं हा पहिला उपाय, तो सांगून झाला. घराला तीन फेजचा सप्लाय असेल तर सिंगल फेज इन्व्हर्टरच्या जागी थ्री फेज बसवणं त्याहून प्रभावी. तेवढीच वीज तीन फेजवर वाटली की प्रत्येक तारेत करंट एकतृतीयांश होतो आणि न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. त्याच जाडीच्या, त्याच लांबीच्या वायरीत व्होल्टेजची वाढ सिंगल फेजच्या एकषष्ठांश राहते. हा आकडा ऐकून लोक मान हलवतात, खरं वाटत नाही. कागदावर करून बघा.

मग लोड दुपारी सरकवा. गाडीचं चार्जिंग, पाण्याचा पंप, गीझर, कपड्यांचं मशीन, जे काही वेळेला बांधलेलं नाही ते साडेअकरा ते दोनमध्ये लावा. जी वीज घरातच खपली ती लाईनवर ढकलावी लागत नाही. हे सल्ले सगळेच देतात. पण बॅटरीच्या बाबतीत एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की थांबून सांगतो. बॅटरी ‘मिळेल तेव्हा भर’ या मूळ सेटिंगवर असते. सकाळी आठला कोवळं ऊन आलं की ती भरायला लागते आणि अकराला भरून मोकळी होते. म्हणजे लाईनवर जागा होती तेव्हा बॅटरीने वीज घेतली, आणि जागा संपली त्या घडीला सगळा सोलर बाहेर सोडला. एवढी महाग बॅटरी घरात असून ट्रिप तसाच. चार्जिंगची वेळ अकरापासून लावा, किंवा इन्व्हर्टरमध्ये सोय असेल तर ‘ठरावीक किलोवॅटच्या वर जाईल तेवढंच बॅटरीत’ असं लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

यानंतर सेटिंग. आधी इन्व्हर्टरवर कोणत्या देशाची प्रोफाइल (त्या देशाच्या मर्यादांचा संच) निवडली आहे ते बघा. चुकीच्या देशाची निवडलेली असणं हा अगदी सामान्य घोळ आहे. मग व्होल्ट-वॅट आणि व्होल्ट-व्हार ही दोन फंक्शनं तुमच्या नियमांत बसत असतील तर चालू करून घ्या. व्होल्ट-वॅटमध्ये व्होल्टेज चढायला लागलं की इन्व्हर्टर सरळ बंद पडत नाही, उत्पादन हळूहळू उतरवतो. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत हा उतार २५३ ला सुरू होऊन २६० ला संपतो. दुपारी थोडी वीज जाते, पण ट्रिप होऊन शून्यावर येण्यापेक्षा परवडलं. व्होल्ट-व्हारमध्ये इन्व्हर्टर लाईनमधून रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता नुसती ये-जा करणारी वीज) ओढून व्होल्टेज खाली खेचतो. घराजवळच्या तारांत रेझिस्टन्सचा भाग जास्त असतो, त्यामुळे तिथे याचा परिणाम मर्यादित आणि करंट मात्र वाढतो. ०.९ पॉवर फॅक्टरवर (एकूण क्षमतेतला कामाच्या विजेचा वाटा) चालवायचं तर इन्व्हर्टरच्या क्षमतेच्या जवळपास ४४ टक्के इतकी रिअॅक्टिव्ह पॉवर होते. तरीही ओळीतल्या सगळ्यांनी मिळून केलं तर डीपीपलीकडे चांगला फरक पडतो.

आता तो मोह. मेनूत पासवर्ड टाकून २५३ ची मर्यादा २७० करता येते आणि असं करून देणारे भेटतात. ट्रिप बंद, बिल कमी, सगळे खूश. मी हे करत नाही आणि कोणी केलेलं दिसलं तर मागे फिरवतो. २६५ व्होल्ट रोज दोन-तीन तास घरातल्या आणि शेजाऱ्याच्या उपकरणांवर पडतात. सर्ज प्रोटेक्टर, एलईडीचे ड्रायव्हर, फ्रिजचं कार्ड ही एकेक करून जायला लागतात, आणि कोणालाच कारण कळत नाही. दुसरं कारण ग्रिडचं आहे. ते जरा लांबचं वाटतं, पण मला महत्त्वाचं वाटतं.

एका इन्व्हर्टरच्या सेटिंगने ग्रिडला काय होतं

एकाच्या सेटिंगने काहीच होत नाही. पण सेटिंग एकाची नसतेच. एका नियमाने लाखो इन्व्हर्टर एकसारखे शिकवलेले असतात आणि ते एकाच क्षणी एकच गोष्ट करतात.

जर्मनीत हे आधी कळलं. तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे फ्रिक्वेन्सी (एसी विजेची सेकंदातली आवर्तनं, एरवी ५०) ५०.२ हर्ट्झला पोचली की छतावरच्या सोलरने तत्काळ सुटायचं होतं. छतं थोडी होती तेव्हा नियम शहाणपणाचा होता. छतं वाढल्यावर हिशोब मांडला गेला: उन्हाच्या दिवशी फ्रिक्वेन्सी ५०.२ ला टेकली तर एका झटक्यात हजारो मेगावॅट जातील, आणि संपूर्ण युरोप खंडाची तातडीची राखीव शक्ती होती ३००० मेगावॅट. शेवटी २०१२ मध्ये कायदेशीर आदेश काढून तीन लाखांहून जास्त प्रकल्पांच्या सेटिंग बदलाव्या लागल्या. नव्या नियमात ५०.२ च्या पुढे इन्व्हर्टर सुटत नाही, दर हर्ट्झला ४० टक्के या उताराने उत्पादन कमी करतो.

कॅलिफोर्नियात १६ ऑगस्ट २०१६ ला वणव्यामुळे ५०० किलोव्होल्टच्या लाईनवर फॉल्ट (शॉर्टसर्किट) आला आणि जवळपास १२०० मेगावॅट सोलर नाहीसा झाला. यातल्या मोठ्या भागाचं कारण विचित्र होतं. फॉल्टच्या क्षणी व्होल्टेजच्या लहरीचा आकार बिघडला, इन्व्हर्टरनी त्यावरून फ्रिक्वेन्सी चुकीची मोजली आणि ग्रिड कोसळतंय असं समजून हात काढून घेतले. फ्रिक्वेन्सी प्रत्यक्षात ठीक होती. टेक्सासमध्ये ओडेसाजवळ ९ मे २०२१ ला ११०० मेगावॅटहून जास्त सोलर असाच गेला, आणि पुढच्या वर्षी ४ जूनला पुन्हा, १७०० मेगावॅटहून जास्त. मोठे सौर प्रकल्प, चांगले इंजिनिअर, आणि दोष पुन्हा बऱ्याच अंशी कंट्रोल आणि सेटिंगचाच.

घरच्या तक्रारीशी सगळ्यात जवळचं उदाहरण २८ एप्रिल २०२५ चं. दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज गेली, आणि मुळाशी होतं चढलेलं व्होल्टेज. ग्रॅनाडा, बादाहोस, सेविल अशा भागांत प्रकल्प एकामागून एक सुटत गेले आणि अर्ध्या मिनिटात खेळ संपला. इथे एक बारकावा आहे. तुमच्या ओळीत इन्व्हर्टर सुटला की व्होल्टेज उतरतं. तिकडे उलटं झालं: प्रकल्प सुटले म्हणून व्होल्टेज आणखी चढलं आणि आणखी प्रकल्प सुटले. घराजवळच्या तारा रेझिस्टन्सच्या, तिथे वीज ढकलली की व्होल्टेज वाढतं. शेकडो किलोव्होल्टच्या लांब लाईनचं वेगळं. तिच्यावरचा भार हलका झाला की ती कपॅसिटरसारखी वागते आणि व्होल्टेज वर नेते. शिवाय सुटलेला प्रकल्प जी रिअॅक्टिव्ह पॉवर ओढत होता तीही ओढायची थांबते. त्या वेळच्या स्पॅनिश नियमाप्रमाणे सौर-पवन प्रकल्प ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर चालत होते. व्होल्टेज चढतंय हे बघून तिथल्या तिथे ते आवरायचं काम त्यांच्याकडे दिलेलंच नव्हतं. “सोलरमुळे ब्लॅकआउट झाला” ही बातमी म्हणून सोपी. सोलरला जे करता आलं असतं ते करायला सांगितलेलं नव्हतं, हे मला जास्त खरं वाटतं.

फ्रिक्वेन्सीची बाजू वेगळी. जुन्या वीजघरांत शेकडो टनांचे रोटर फिरत असतात. कुठे एक मोठं युनिट पडलं की पहिल्या काही सेकंदांत त्या रोटरमधली साठलेली ऊर्जा ग्रिडला सांभाळते. समजा फिरत्या यंत्रांत ५०,००० मेगावॅट-सेकंद ऊर्जा आहे आणि ५०० मेगावॅट गेले. फ्रिक्वेन्सी सेकंदाला पाव हर्ट्झने घसरायला लागेल. दुपारी सोलरने जागा घेतल्यामुळे निम्मी यंत्रं बंद असतील तर तेवढ्याच नुकसानीला अर्धा हर्ट्झ. घसरण जितकी वेगाची तितका राखीव शक्तीला वेळ कमी, आणि बारीक सेटिंगची संरक्षणं तितकी लवकर दचकतात. ब्रिटनमध्ये ९ ऑगस्ट २०१९ ला तेच झालं. विजेचा लोळ पडला, दोन मोठी वीजकेंद्रं गेली, त्यांच्याबरोबर फ्रिक्वेन्सीच्या घसरणीचा वेग बघून सुटणारी लहान-लहान वीजनिर्मितीही गेली. फ्रिक्वेन्सी ४८.८ पर्यंत उतरली आणि दहा लाखांवर ग्राहकांची वीज तोडावी लागली. यावर सिंक्रोनस कंडेन्सर (वीज न बनवता नुसती फिरत राहणारी मोठी यंत्रं), बॅटऱ्या आणि ग्रिड-फॉर्मिंग (स्वतःच व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारे) इन्व्हर्टर ही औषधं आहेत, पण ती छतावर बसून लावायची नाहीत, म्हणून इथे थांबतो.

तर तुमचा २७० चा इन्व्हर्टर या सगळ्यात काय करतो? ओळीतले बाकीचे नियमाप्रमाणे मागे सरतात तेव्हा हा एकटा ढकलत राहतो. आणि कधी कधी मागे सरणं ग्रिडला मुद्दाम हवं असतं. साऊथ ऑस्ट्रेलियात दुपारी छतांचा सोलर एवढा होतो की आणीबाणीत तो कमी करायला उपकेंद्रातलं व्होल्टेज वाढवून इन्व्हर्टरांना सुटायला लावण्याची सोय केली गेली, आणि मार्च २०२१ मध्ये ती वापरलीही. तुमच्या छताला कटकट वाटणारा तो कोड कंट्रोल रूमच्या हातातलं शेवटचं बटण असू शकतो.

कोड वेगळा असेल तर

फ्रिक्वेन्सीचा कोड मोठ्या ग्रिडवर एकट्या घराला येत नाही. आला तर आधी जनरेटर किंवा जुना यूपीएस मध्ये आहे का बघा. डिझेल जनरेटरवर सोलर चालवला की हे हमखास. आयलंडिंगचा (लाईन गेली म्हणून इन्व्हर्टर थांबल्याचा) कोड आणि त्याच वेळी लाईट गेलेली असेल तर सगळं बरोबर चाललंय. “सोलर असून घरात अंधार” ही कुरकुर रास्त आहे, पण खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव त्या अंधारावर अवलंबून असतो. अंधार नको असेल तर बॅकअपची सोय असलेला इन्व्हर्टर लागतो, सेटिंगने ते होत नाही. इन्सुलेशनचा कोड पहाटे दंव पडल्यावर किंवा पावसानंतर येत असेल तर ते डीसी बाजूचं (पॅनेलकडचं) दुखणं, या लेखाचं नाही.

ओळच चढलेली असेल तर

पहिलं रीडिंग चढं आलं की वीज कंपनीकडे जावं लागतं, आणि तिथे “इन्व्हर्टर ट्रिप होतो” असा अर्ज देऊ नका. उत्तर ठरलेलं आहे: विक्रेत्याला विचारा. ‘मीटरपाशी व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं’ असा अर्ज द्या. सोबत सात दिवसांचा इन्व्हर्टरचा लॉग जोडा, आणि त्याच वेळांची मेन बोर्डावरची दोन्ही रीडिंग, इन्व्हर्टर बंद असतानाची आणि चालू असतानाची. बंद असतानाचं रीडिंग विसरू नका. “तुमच्याच सोलरने व्होल्टेज चढतं” या वाक्याला तेवढं एकच उत्तर आहे. शेजाऱ्यांकडे सोलर असेल तर त्यांचीही रीडिंग घ्या, आणि कोण कोणत्या फेजवर आहे ते लिहा. सगळे एकाच फेजवर बसलेले निघाले तर खांबावर दोन-तीन जोड बदलून काम होतं, आणि कंपनी त्याला सहसा नाही म्हणत नाही.

फेज वाटूनही भागलं नाही तर उरतो टॅप. साध्या डीपीचा टॅप बदलायला सप्लाय बंद करावा लागतो आणि बदलला की तो दिवसरात्र तसाच राहतो. एक पायरी खाली घेतली तर दुपारचे साधारण सहा व्होल्ट कमी होतील, तेवढेच रात्रीचेही. म्हणून त्याच संध्याकाळी, लोड पूर्ण चढलेला असताना, ओळीतल्या शेवटच्या घरात एक रीडिंग घ्या. २३० ला दहा टक्के कमी म्हणजे २०७. त्याच्या खाली गेलं तर तो टॅप परत वर जाणार, आणि मग दुपारचा भार केबल, तीन फेज, बॅटरीची वेळ आणि व्होल्ट-वॅट यांच्यावरच टाकावा लागेल.